दोरीचा रकाना

मॅडम, मागच्या गुरुवारी तुमच्या देशातली एक मुलगी मला भेटायला आली होती. मुलगी म्हणजे पस्तिशीची असेल, पण मला आता सगळ्या मुलीच दिसतात. अल क्वोजमधल्या माझ्या ऑफिसात ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, दोन्ही हातांनी कार्ड दिलं आणि समोर ठेवलेला करक चहा गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत त्याला हात लावला नाही. टोकियोतल्या एका लहानशा थिएटरात तुमचे दोन्ही चित्रपट दाखवायचं ठरलंय, म्हणाली. मासे डब्यात भरणाऱ्या बायकांचा तो पहिला चित्रपट तिने अकरा वेळा पाहिलाय. बरोबर एक पुस्तिका निघणार आहे, तुमचं आयुष्य आणि तुमचं काम. तिने शेवटच्या पानाचं इंग्रजी मला वाचायला दिलं. त्यात लिहिलंय, दुबईत एका सुरक्षा-चित्रपटाचं शूटिंग चालू असताना दिग्दर्शिकेच्या सूचनेमुळे एका कामगाराचा पडून मृत्यू झाला, आणि त्यानंतर त्यांना पुन्हा काम मिळालं नाही. "हे बरोबर आहे ना? तुम्ही तिथे होता," तिने विचारलं. मग म्हणाली, तुमची त्या दिवसाची नोंदवही असेल तर प्रदर्शनात ठेवायला आवडेल. मी म्हटलं, ऑफिस शिफ्ट करताना हरवली. वही माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात होती, तिच्यापासून चार हातांवर. "तरी एकदा बघा," असं म्हणून तिने इतकं खाली वाकून नमस्कार केला की मला तिच्या भांगाकडे बघत बसावं लागलं. ती या गुरुवारी परत येणार आहे, संध्याकाळच्या विमानाआधी.

आज रविवार आहे, ऑफिस बंद आहे, दुपारचे दोन वाजलेत आणि मी एसीखाली बसून तुम्हाला मराठीत पत्र लिहितेय. तुम्ही जिवंत असता तरी तुम्हाला हे वाचता आलं नसतं. तेच बरं आहे. इंग्रजीत लिहायला घेतलं की माझ्या हातून आपोआप खुलासा लिहिला जातो, क्लायंटला लिहितात तसा, ज्यात कुणाचीच चूक नसते. मराठीत मला तेवढं चांगलं खोटं बोलता येत नाही. शारजात वाढलेल्या मुलीची मराठी ती, घरात आईकडून उचललेली. तिच्यात लपायला फारशी जागा नाही.

मी तुमच्याकडे आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. बाबा रास अल खोरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात होते, आणि त्यांच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं की एका जपानी बाईला हिंदी-इंग्रजी करणारी मुलगी हवी आहे. मला वाटलं, एक्स्पोर्टची कंपनी असेल. अल क्वोजच्या त्या पत्र्याच्या वेअरहाऊसमध्ये पाहिलं तर पाच माणसं, एक कॅमेरा आणि तुम्ही, चौसष्ट वर्षांच्या, पुरुषी कॉलरचा शर्ट घालून उंच स्टुलावर बसलेल्या, पाय जमिनीला टेकत नाहीत. तुम्ही मला इंटरव्ह्यूत एकच प्रश्न विचारलात. डोळे मिटायला लावलेत आणि विचारलंत, "माझ्या शर्टाला किती बटणं लावलेली आहेत?" मी म्हटलं, वरचं सोडून सगळी, आणि तिसऱ्याचा दोरा वेगळ्या रंगाचा आहे. तुम्ही हसलात. त्या क्षणी मी दुभाषी म्हणून आले होते ती नोंद ठेवणारी झाले, आणि आज वीस वर्षांनी त्याच कामावर माझं घर चालतं. इथल्या जाहिरातवाल्यांमध्ये माझ्याबद्दल एक वाक्य प्रसिद्ध आहे, 'ती सेटवर असेल तर चूक होत नाही'. हे वाक्य कानावर पडलं की मी मोबाइल काढून काहीतरी बघत बसते.

तुमचं आयुष्य मला शारजा ते अल क्वोज या रस्त्यावर कळलं. दोघीही भाडं कमी म्हणून शारजात राहायचो आणि सकाळी युनिटच्या व्हॅनमधून दीड-दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकून पडायचो. तुमचं इंग्रजी तुटक होतं, पण वेळ भरपूर होता. उत्तरेकडच्या बर्फाळ बंदरातून तुम्ही एकोणिसाव्या वर्षी टोकियोच्या स्टुडिओत आलात, सहायक दिग्दर्शकाच्या परीक्षेचा फॉर्म मागितलात, आणि खिडकीतल्या माणसाने न बघताच सांगितलं, तो फॉर्म मुलांसाठी आहे. मुलींना मेकअप किंवा नोंद. तुम्ही नोंद निवडलीत, कारण नोंद ठेवणाऱ्या बाईचं स्टूल कॅमेऱ्याला सगळ्यात जवळ असतं. त्या स्टुलावर तुम्ही चौदा वर्षं बसलात. मागच्या शॉटमध्ये सिगारेट किती जळली होती, पदर कुठल्या खांद्यावर होता, कप उजव्या हातात की डाव्या, ते सगळं लिहायचं. पदर हा शब्द माझा, तुम्ही किमोनोच्या बाहीबद्दल बोलत होता. दिग्दर्शक घाबरला की तो कुठे बघतो हे सगळ्यात आधी तुम्हाला कळायचं, असं तुम्ही म्हणायचात. सुट्टीच्या दिवशी तुम्ही पटकथा लिहायचात. दोन पटकथांवर तुमच्या वरिष्ठांचं नाव लागलं, आणि पहिल्या खेळाला तुम्ही सगळ्यात मागे उभ्या राहून तुमच्या वाक्याला लोक हसताना बघितलंत. "राग आला?" मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "नो. आय काउंट. फोर लाफ."

छत्तिसाव्या वर्षी तुमचा पहिला चित्रपट आला. कारखान्यातल्या बायका एका पोटुशी मुलीचं काम आपापसात वाटून घेतात, तिची नोकरी जाऊ नये म्हणून, एवढीच गोष्ट. पेपरांनी लिहिलं, स्त्रीसुलभ हळवेपणा. हे सांगताना तुम्ही व्हॅनच्या सीटवर थाप मारली होतीत. "मी एकाही बाईला रडू दिलं नाही, आणि हळवी?" दुसरा चित्रपट बस चालवणाऱ्या विधवेचा, तो सहा दिवसांत उतरला. तिसऱ्याची पटकथा तयार होती, पण मग कुणी फोन उचलेना. नवरा गेला, म्हणजे दुसरीकडे राहायला गेला. तुम्ही टीव्हीसाठी लिहिलंत, वॉशिंग मशीन कसं वापरायचं याच्या फिल्मा केल्यात, आणि अशाच एका कामाचं बोट धरून इथे आलात, बांधकामावरच्या माणसांसाठी सुरक्षेच्या फिल्मा करायला. हेल्मेट कसं घालायचं. उन्हात पाणी किती वेळा प्यायचं. दहा-दहा मिनिटांच्या त्या फिल्मा लेबर कॅम्पच्या मेसमध्ये भिंतीवर दाखवायचे, आणि तुम्ही त्या अशा करायचात जणू टोकियोचे सगळे समीक्षक त्या मेसमध्ये डाळभात खात बसलेत.

मला तुमच्याकडून खाल्लेली पहिली बोलणी आठवतात. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून टेकचा आकडा चुकला आणि मी तो खोडरबरने खोडून नीट लिहिला. तुम्ही माझ्या हातातून रबर घेतलात, स्वतःच्या खिशात टाकलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "नो इरेझर. नेव्हर." मला रडू येत होतं. मग तुम्ही जवळ येऊन पेन्सिलीने दाखवलंत, चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं, आणि सही. चूक खोडली तर ती कुठे झाली होती हे उद्या कुणाला कळणार? तुमच्या देशात नोंद ठेवणाऱ्या सगळ्या बायका असंच करतात, असं तुम्ही सांगितलंत. पण आपल्या वहीत एक रकाना असा होता जो तुमच्या देशात नव्हता. शॉट, टेक, वेळ, फोटो जुळला का, आणि शेवटी दोरी. उंचावरचं शूटिंग असलं की वरच्या माणसाला आतून एक जास्तीची दोरी बांधलेली असायची, जॅकेटखालून मागे नेऊन पाइपला हूक केलेली, कॅमेऱ्यात न दिसणारी. तो माणूस वरून दोरीला हिसका देऊन हात वर करणार, मी तो हात माझ्या डोळ्यांनी बघणार, मग रकान्यात खूण करणार, मग मी 'रेडी' म्हणणार. माझ्या 'रेडी'शिवाय तुम्ही कॅमेरा सुरू करत नव्हता. तेवीस वर्षांच्या मुलीच्या शब्दावर कॅमेरा फिरतो याची मला केवढी मिजास होती.

त्या रकान्यामागचं कारण तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात सांगितलंत. शुक्रवार होता. मी आईने दिलेलं लिंबाचं लोणचं घेऊन आले होते, कारण माझ्या डब्यातली फोड एकदा तुम्ही चाखली होतीत आणि तुमच्या घरच्या खारवलेल्या फळासारखी लागते म्हणून डोळे मिटले होतेत. गॅसवर भात होता. तुम्ही वाडग्यात भात घेऊन बरोबर मधोमध लोणच्याची फोड ठेवलीत आणि उभ्यानेच खाता खाता सांगितलंत. तुमच्या गावाला हिवाळ्यात काम नसायचं, म्हणून पुरुष टोकियोला बांधकामावर जायचे. तुमचा मोठा भाऊ गेला. तो परांची बांधताना सातव्या मजल्यावरून पडला. कंपनीचा माणूस घरी आला, त्याने कागद ठेवला, त्यावर लिहिलं होतं, कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. तुमच्या आईने त्या कागदावर अंगठा उमटवला. "माय ब्रदर, व्हेरी केअरफुल मॅन," तुम्ही म्हणालात. "शूज ऑल्वेज लाइक धिस." आणि चॉपस्टिक वाडग्यावर अगदी सरळ, एकमेकींना चिकटून ठेवून दाखवल्यात. तुमची तिसरी पटकथा त्या भावाची होती. पंचवीस वर्षं ती तुमच्याकडे पडून होती, आणि आता तुम्ही ती इथे करायची ठरवली होतीत, इथल्या माणसांना घेऊन. टोकियोच्याऐवजी शारजा, बर्फाऐवजी धूळ. जपानमधले कुणीतरी पैसे द्यायला तयार झाले होते. त्या दिवशी निघताना तुम्ही मला तुमचं स्टॉपवॉच दिलंत, चौदा वर्षं तुमच्या गळ्यात असलेलं. तिसऱ्या चित्रपटाची नोंद तूच ठेवायची, म्हणालात.

त्या चित्रपटात भावाचं काम कोण करणार हेही ठरलं होतं. तो सोलापूरकडचा होता, परांची बांधायच्या कामावरचा, चाळिशीचा, भरघोस मिशांचा, आणि सुपारी कातरल्याशिवाय ज्याचा दिवस सुरू होत नसे असा. सुरक्षेच्या चार फिल्मांत त्याने निष्काळजी कामगाराचं काम केलं होतं. खऱ्या कामात तो इतका जपून असायचा की पानाही दोरीने मनगटाला बांधायचा, म्हणून निष्काळजीपणाचं सोंग तो फार मनापासून करायचा. कंपनीला वाटत होतं की फिल्मच्या शेवटी एक प्रेत दाखवावं, म्हणजे लोकांना धाक बसेल. तुम्ही ठाम नाही म्हणालात. मेलेला माणूस दाखवला की बघणारा म्हणतो, तो मी नव्हे. म्हणून तुमच्या प्रत्येक फिल्मच्या शेवटी तो खोलीवर जातो, हात धुतो आणि जेवायला बसतो. "ताई, मॅडमना सांगा की मला रोज जेवायचंच काम देतात, मिशीला भात लागतो," तो म्हणायचा. मी भाषांतर करायचे, तुम्ही त्याला मुद्दाम आणखी भात वाढायला लावायचात. मोठ्या पिक्चरची गोष्ट त्याने फोनवर बायकोला सांगितली होती. ती म्हणाली होती, आधी सुट्टीवर या, मग हिरो व्हा. हे तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता.

तो दिवस सप्टेंबरातला. उन्हाळ्यातल्या नियमाप्रमाणे भर दुपारी उघड्यावर काम बंद, म्हणून सकाळी अर्धा प्रसंग झाला आणि उरलेला तीननंतर. तो तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर, समोर दिसणारा सुरक्षेचा पट्टा मुद्दाम मोकळा सोडून काम करतो आहे, असा शॉट. सकाळी मी पोलरॉइड काढून ठेवला होता. सव्वातीनला आम्ही परत जागेवर आलो, त्याने वर जाऊन दोरी लावली, हिसका दिला, हात वर केला. मी फोटो डोळ्यांसमोर धरला आणि बघते तर मागची दोरी जॅकेटच्या बाहेर आलेली, खांद्यावरून स्पष्ट दिसतेय. सकाळच्या फोटोत ती नव्हती. शेजारच्या इमारतीची सावली परांचीकडे सरकत होती. पाच-सात मिनिटांत उजेड जाणार होता. मी ओरडले, "दादा, मागची दोरी दिसतेय! हूक सोडा, जॅकेटच्या आतून घ्या आणि परत लावा! यल्ला, लाइट चाललाय!" तो वळला, त्याने हूक सोडला. मी मान खाली घालून फोटोकडे बघत राहिले. परत वर बघितलं तेव्हा दोरी दिसत नव्हती. चित्र सकाळच्या चित्रासारखं, रेघ ना रेघ. मी रकान्यात खूण केली. तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, "रोप?" मी म्हटलं, "ओके मॅडम. रेडी." त्याला शॉटमध्ये मागे रेलायचं होतं, दोरीच्या भरवशावर. तो रेलला.

त्याच्या पडण्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तुम्ही प्रेत दाखवायचा नाहीत.

साइटचा सेफ्टी ऑफिसर पोलिसांच्या आधी आला. त्याने वर जाऊन लोंबणारी दोरी पाहिली, खाली येऊन माझ्या हातातली वही घेतली आणि रकान्यावर बोट ठेवलं. "इधर तो ओके लिखा है ना. मतलब बंदे ने बाद में खुद खोला. उसकी गलती. खलास." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, तो काय म्हणतोय म्हणून. मॅडम, मी भाषांतर केलं. शब्दाला शब्द. ही सेज, इट इज हिज ओन मिस्टेक. मी तिथे दुसरं काहीही बोलू शकले असते. मनात व्हिसा, जेल, बाबांची नोकरी, आई, सगळं एकदम येऊन गेलं, आणि तोंडातून तेवढंच वाक्य निघालं. तुम्ही मला मराठीत ओरडताना ऐकलं होतंत, काय ओरडले ते तुम्हाला कळलं नव्हतं. पण चौदा वर्षं नोंद ठेवलेल्या बाईला वेगळं काय सांगायला हवं होतं? तुम्ही एकदा खूण बघितलीत, एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघितलंत. हळू आवाजात विचारलंत, "यू लुक अप?" मी हातातल्या पोलरॉइडकडे बघितलं.

मग तुम्ही वही मागितलीत, माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतलीत आणि माझ्या खुणेशेजारी एक ओळ जपानीत लिहिलीत, खाली इंग्रजीत. तपासणीनंतर दिग्दर्शिकेच्या सांगण्यावरून दोरी काढली. चित्रासाठी. वेळ, सही. सेफ्टी ऑफिसर म्हणाला, "मॅडम, सोच लो, बहुत प्रॉब्लेम हो जाएगा." तुम्हाला ते न सांगताही कळलं असावं. पोलीस आले तेव्हा तुम्ही ताठ उभ्या राहून तीच दोन वाक्यं सांगितलीत आणि वर एक जोडलंत, "ही इज व्हेरी केअरफुल मॅन. प्लीज राइट." मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की मी फोटो बघत होते, जनरेटरच्या आवाजात वरचं काही ऐकू आलं नाही, नंतरचं मला माहीत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. सोलापूरकडे गेलेल्या कागदावर निष्काळजीपणा कामगाराचा लागला नाही. त्याच्या बायकोला जे मिळायचं ते मिळालं. आणि मी महिन्याभरात दुसऱ्या नोकरीला लागले.

तुमचा पासपोर्ट सात महिने अडकून होता. त्या काळात मी दोनदा तुमच्या दारापर्यंत आले. एकदा लिफ्टमधूनच परत फिरले, दुसऱ्यांदा बेल वाजवली. तुम्ही बारीक झाला होता. भात लावलात, लोणच्याची रिकामी बरणी धुऊन परत दिलीत, आणि मी काही बोलायच्या आत म्हणालात, नोंद ठेवणाऱ्याची चूक ही दिग्दर्शकाची चूक असते, स्टूल दिग्दर्शकाने दिलेलं असतं. तेव्हा मला वाटलं, सुटले. इतकं सोपं वाटलं की घरी जाताना मी शावरमा खाल्ला. नंतर कळलं की पैसे देणारे मागे हटले होते, आणि तुमच्या देशातल्या पेपरात छापून आलं होतं की चित्रासाठी माणसाचा जीव घेणारी बाई. तीन वर्षांनी तुमच्या बंदराच्या गावच्या दवाखान्यात तुम्ही गेलात, हे मला आपल्या कॅमेरामनच्या ईमेलमधून समजलं. तिसरी पटकथा कुणालाच सापडली नाही. ज्या बाईने भावाच्या नावावरचा एक शब्द पुसायला आयुष्यभर चित्रपट केले, तिच्या नावावर तोच शब्द माझ्यामुळे लागला, आणि मी गेली वीस वर्षं मुलींना शिकवतेय की रबर वापरायचा नाही.

तुमचं स्टॉपवॉच माझ्या लेकीकडे आहे. पंधरा वर्षांची आहे, पोहते, त्यावर स्वतःचं टायमिंग घेते. त्या जपानी मुलीने दिलेलं पान मी मूर्खासारखं जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. शुक्रवारी लेकीने ते वाचलं आणि विचारलं, "मम्मा, इज धिस युअर मॅडम? द स्टॉपवॉच लेडी? शी किल्ड अ गाय?" मी म्हटलं, "अगं, अॅक्सिडेंट होता तो." ती म्हणाली, "बट इट वॉज हर फॉल्ट, राइट?" मी पोळी लाटत होते. मी म्हटलं, "हो." एवढंच. लेकीने खांदे उडवले, स्टॉपवॉच गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि तेव्हापासून त्याला हात लावलेला नाही. काल पोहायला जाताना मोबाइल घेऊन गेली. वीस वर्षांत मी इतकी कधी शरमले नव्हते, सेफ्टी ऑफिसरसमोर उभी असतानासुद्धा नाही.

म्हणून आज ऑफिसला आले आणि कपाट उघडलं. वहीच्या कडा पिवळ्या पडल्यात, पोलरॉइड जवळजवळ पांढरा झालाय, पण पेन्सिल तशीच आहे. माझी खूण, आणि शेजारी तुमची सही. खरं सांगते, आधी ड्रॉवरमध्ये रबर शोधला. नव्हता, माझ्याच नियमाने या ऑफिसात रबर ठेवत नाहीत. मग पेन्सिलीला टोक केलं आणि माझ्या खुणेवर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. तुमच्या ओळीवरही मारली. ती थोडी वाकडी आलीये. शेजारी लिहिलं, दोरी लावलेली नव्हती. हूक सोडायला मी सांगितलं, दिग्दर्शिकेने नाही. हात वर झालेला न बघता खूण केली. खाली सही आणि आजची तारीख. इंग्रजीत लिहिलंय, त्या मुलीला वाचता यावं म्हणून. वही पाकिटात घातली आहे आणि गुरुवारी ती तिला देणार आहे. त्यानंतर माझ्याबद्दलचं ते प्रसिद्ध वाक्य कुणी म्हणणार नाही, कदाचित कुणी कामही देणार नाही. लेकीला आज संध्याकाळी घरी गेल्यावर सांगणार आहे. हे पत्र मात्र पाकिटात घालणार नाही.

कारण एक गोष्ट वहीत लिहिलेली नाही. जनरेटर चालू होता हे खरं आहे, पण तो इमारतीच्या पलीकडच्या बाजूला होता, आणि तिसऱ्या मजल्यावरून माणूस ओरडला तर खाली ऐकू येतं. मी फोटोकडे बघत असताना तो वरून म्हणाला होता, "ताई, थांबा हां, अजून लावली नाही." मी ते ऐकलं. मला वाटलं, माझं 'रेडी' म्हणून होईपर्यंत लावेल. आज वहीत मी लिहिलं की बघितलं नाही, आणि पेन्सिल खाली ठेवली. त्या ओळीखाली जागा होती.